चावी, चिरंजीव आणि चाळीस फुटी कंटेनर

भिवंडीतील मध्यमवर्गीय घरात मुलाच्या वयात येण्याच्या दोन तारखा असतात. पहिली तारीख सरकारी असते आणि तिच्यानुसार १८ वर्षे पूर्ण झाल्याखेरीज त्याला मतदान करता येत नाही, करार करता येत नाही आणि स्कूटरही चालवता येत नाही. दुसरी तारीख घरगुती असून ती कोठेही छापलेली नसते. पाहुणे येऊन टेकलेले असताना घरातले दही संपल्याचे लक्षात येते, वडील गोदामावर असतात, रिक्षावाला सीट भरल्याशिवाय हलायला तयार नसतो आणि स्कूटरची चावी मात्र दाराशेजारच्या खिळ्याला निवांत लोंबत असते, त्या संध्याकाळी ही तारीख उगवते. चावी हातात देताना ‘हळू जा हं’ असे जे म्हटले जाते, तोच घरगुती परवाना होय. त्यावर छायाचित्र नसते, मुदत नसते आणि तो एकदा दिला की रद्द करण्याची तरतूद कोणत्याही घराच्या घटनेत आढळत नाही. या दोन तारखांमध्ये साधारणतः दोन ते चार वर्षांचे अंतर पडते आणि त्या अंतरात चिरंजीव नेमके काय शिकतात, कोणाकडून शिकतात व काय शिकायचे राहून जाते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

हा प्रश्न महाराष्ट्रातील सर्वच गावांचा असला, तरी भिवंडीत त्याला जे वजन येते ते टनांत मोजावे लागते. यंत्रमागांसाठी ओळखले जाणारे हे शहर गेल्या काही दशकांत गोदामांचेही शहर झाले असून माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, कशेळी या गावांच्या हद्दीत जिथे एकेकाळी भात लावला जात असे, तिथे आता मुंबईकरांनी रात्री मोबाइलवर मागवलेले मिक्सर, बूट आणि मुलांची दप्तरे पत्र्याच्या छपराखाली मुक्कामाला असतात. हा सारा माल चाकांवरून येतो आणि चाकांवरूनच जातो. त्यामुळे अंजूरफाट्यापासून कल्याण नाक्यापर्यंतच्या रस्त्यावर न्हावाशेवा बंदरातून आलेला चाळीस फुटी कंटेनर, सुताची बाचकी रचलेला टेम्पो, ‘छोटा हाथी’ या लाडक्या नावाचे मालवाहू वाहन, एसटी, शेअर रिक्षा, हातगाडी आणि रस्त्याचा मालकी हक्क सिद्ध झालेली म्हैस हे सर्व एकाच दिशेने, अथवा सोयीनुसार परस्परविरुद्ध दिशांनी, मार्गक्रमण करीत असतात. त्यातच ठाणे–भिवंडी–कल्याण मेट्रोच्या कामाने गेली काही वर्षे रस्त्याचा मधला भाग स्वतःकडे ठेवून घेतला, आणि उरलेल्या भागाची वाटणी पावसाळ्यात खड्डे व वाहने यांनी आपसात करून घेतली. अशा रस्त्यावर सोळा वर्षांचे चिरंजीव दही आणायला उतरतात.

कायद्याला हे दृश्य अपेक्षितच नव्हते असे म्हणता येणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ४ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवण्यास किमान १८ वर्षांचे वय लागते, व्यावसायिक वाहतुकीच्या वाहनासाठी ते २० वर्षे आहे, आणि ज्या दुचाकीच्या इंजिनाची क्षमता ५० सीसीपेक्षा अधिक नाही ती मात्र १६ व्या वर्षीही चालवता येते. सीसी म्हणजे घन सेंटिमीटर, अर्थात इंधन व हवेचे मिश्रण ज्या नळकांड्यात जळते त्यातील दट्ट्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकताना जेवढी जागा व्यापतो तेवढी जागा. ती जितकी अधिक तितकी गाडीची ताकद ढोबळमानाने अधिक. ही सवलत ठेवताना कायदेकर्त्यांच्या डोळ्यांपुढे १९७२ साली बाजारात आलेल्या लूनासारखी वाहने असावीत, कारण ५० सीसीची ती पायडलवाली गाडी चढावर चालकाचे पायही कामाला लावीत असे आणि तिच्यावरून कोणाला वेगाची नशा चढल्याचे ऐकिवात नाही. कायद्यातील ती सवलत आजही शाबूत आहे. मात्र बाजारात ज्या सर्वसाधारण पेट्रोल स्कूटरी मिळतात त्या ११० अथवा १२५ सीसीच्या असल्याने, सोळा वर्षांच्या नागरिकाला शासनाने जो अधिकार दिला तो वापरण्याचे साधन कारखानदारांनी काढून घेतले आहे. चिरंजीवांनी या पेचातून काढलेला मार्ग सोपा आहे: अधिकार ५० सीसीचा धरायचा आणि गाडी १२५ सीसीची घ्यायची. मधल्या ७५ सीसींचा हिशेब विचारणारा पोलीस कोणत्या नाक्यावर किती वाजता उभा असतो, हे ज्ञान क्लासच्या व्हॉट्सॲप गटावर नित्य अद्ययावत होत असते.

गृहशिक्षणाच्या या परंपरेत गुरूंचे चार प्रकार आढळतात. पहिला गुरू मामा. तो सुट्टीत येतो, भाच्याला मोकळ्या मैदानात नेतो आणि ‘घाबरायचं नाही’ एवढा एकच सिद्धान्त शिकवतो. वस्तुतः या वयात घाबरणे हाच एकमेव नैसर्गिक सुरक्षा उपाय शिल्लक असतो आणि मामा तो पहिल्याच तासाला काढून घेतो. दुसरा गुरू वर्गमित्र असून त्याचा स्वतःचा अनुभव शिष्यापेक्षा आठवडाभराने जास्त असतो. तिसरा गुरू गॅरेजमधला पोऱ्या. त्याला गाडीतले सर्व कळते, रस्त्यावरचे काय कळते हे त्याच्या कोपरावरील खुणांवरून ताडता येते. चौथा गुरू मोबाइलच्या पडद्यावर राहतो आणि एका चाकावर गाडी कशी चालवावी हे शिकवतो, जणू दोन चाकांवर चालवण्याचा विषय मागील इयत्तेत पुरा झाला आहे. चौघांच्या अभ्यासक्रमात एक साम्य दिसते, ते म्हणजे ॲक्सिलेटर प्रथम शिकवला जातो, हॉर्न त्याच्या पाठोपाठ येतो, ब्रेक प्रसंगानुरूप शिकला जातो आणि आरसा हा केस नीट करण्याचा विषय समजून ऐच्छिक ठेवला जातो. नवी गाडी दसऱ्याला किंवा पाडव्याला घरी आली की तिला हार घालणे, कुंकवाने स्वस्तिक काढणे, नारळ फोडणे आणि चाकाखाली लिंबू ठेवून ती पुढे घेणे हा विधी यथासांग होतो. ती चालवणाऱ्याच्या शिक्षणाला मात्र त्या विधीइतकाही वेळ मिळत नाही, आणि त्या दिवशी गाडीखाली जे काही सुरक्षितपणे चिरडले जाते ते केवळ लिंबू असते.

घराबाहेर एक लोकशिक्षणही चालू असते व त्याचा उल्लेख केल्याखेरीज हे विवेचन अपुरे राहील. एखाद्या दुचाकीचे साइड स्टँड खाली राहिले असेल, तर वंजारपट्टी नाक्यावरचा प्रत्येक अनोळखी माणूस ‘ओ दादा, स्टँड!’ असे ओरडून तिचा पाठलाग करतो. ओढणी चाकाकडे झुकली असेल तर ‘ताई, ओढणी!’ अशी हाक पाच दिशांनी येते, आणि दिवसाउजेडी दिवा चालू राहिला असेल तर समोरून येणारे लोक हाताची बोटे मिटून-उघडून त्याची सूचना देतात, जरी नव्या गाड्यांचा दिवा कारखान्यातूनच कायम पेटता येऊ लागल्याला बरीच वर्षे झाली. ही आस्था खरी आहे. परंतु ज्या मुलाचे स्टँड पाहून हा समाज कळवळला, त्याच मुलाचे वय, उघडे डोके आणि मागे बसलेले दोन मित्र पाहून यत्किंचितही विचलित होत नाही, ही बाब समाजशास्त्रज्ञांनी अभ्यासण्यासारखी आहे.

याउलट कायद्याने कल्पिलेली वाहनचालन शाळा पाहिली, तर ती एखाद्या आदर्श गुरुकुलाच्या तोडीची वाटते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २४ प्रमाणे अशा शाळेत फळा, रस्त्याचा नमुना दाखवणारा तक्ता, वाहतूक चिन्हांचा तक्ता, हातवाऱ्यांच्या खुणांचा तक्ता, इंजिन व गिअरबॉक्सचे सुटे भाग, पंक्चर काढण्याचे साहित्य, पाने-हातोडीचा संच, विद्यार्थ्यांसाठी बाके, वाहनशास्त्रावरील पुस्तके आणि प्रथमोपचार पेटी असावी लागते, तसेच शिकवण्याच्या गाडीला दुहेरी नियंत्रण, म्हणजे शिक्षकाच्या पायाशीही ब्रेक व क्लच असण्याची सोय, असावी लागते. नियम ३१ मध्ये अभ्यासक्रम ठरवून दिला असून हलक्या खासगी वाहनासाठी प्रशिक्षण २१ दिवसांपेक्षा आणि प्रत्यक्ष चालवण्याचा अवधी दहा तासांपेक्षा कमी नसावा, असे त्यात म्हटले आहे. व्यवहारात ही शाळा बहुधा झेरॉक्सचे यंत्र आणि पासपोर्ट फोटो यांच्यामधल्या गाळ्यात भरते. तिथे बाके असतात, पण त्यांवर फॉर्म भरणारे बसलेले असतात. तक्ता असतो, पण त्यावर लायसन, नाव बदल, पत्ता बदल आणि पॅनकार्ड यांचे दर असतात. आणि दहा तासांची वाटणी अशी होते की रोज सकाळी एकाच गाडीत चार विद्यार्थी बसून तिघे चौथ्याचे चालवणे सोसतात. सोसणाऱ्यांच्या खात्यावरही तो वेळ शिक्षण म्हणूनच जमा होतो.

शिकाऊ चालकासाठी कायद्याने काढलेली मर्यादाही तितकीच हृद्य आहे. लोक ज्याला ‘लर्निंग’ म्हणतात त्या शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिने असून तो मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याच्या चाचणीला बसता येते. मधल्या काळात शिकणाऱ्यासोबत पक्का परवाना असलेला शिक्षक गाडी थांबवता येईल अशा जागी बसलेला असावा, दुचाकीवर त्याच्याखेरीज दुसरे कोणीही असू नये आणि गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात ‘एल’ हे अक्षर असावे, असा नियम ३ चा दंडक आहे. त्या अक्षराची उंची किमान १० सेंटिमीटर, जाडी २ सेंटिमीटर आणि तळाची रुंदी ९ सेंटिमीटर इतक्या तपशिलात हा नियम शिरतो. भिवंडीत या अक्षराचे दर्शन दुर्मीळ आहे, कारण चिरंजीवांच्या मते ते लावणे म्हणजे आपल्याला काही येत नाही हे मित्रांसमोर लाल अक्षरांत कबूल करणे होय. नंबर प्लेटवर ‘दादा’, ‘आगरी किंग’ किंवा आईचे नाव रंगवायला जागा सापडते. एवढ्या एका अक्षराला ती सापडत नाही.

शिकाऊ परवान्यासाठी वाहतूक चिन्हे व नियम यांची परीक्षा असते आणि जून २०२१ पासून महाराष्ट्रात ती घरबसल्या संगणकावर देण्याची सोय झाली. सोय उत्तमच आहे. त्यामुळे एजंटाची पायरी चढावी लागत नाही. मात्र घरातील परीक्षा ही घराची परीक्षा होते, हे शासनाच्या लक्षात आले नसावे: चिन्ह पडद्यावर उमटताच थोरली बहीण ‘पुढे शाळा’ म्हणते, वडील ‘पुढे अरुंद पूल’ म्हणतात आणि आजी ‘देऊळ असेल’ असा अंदाज करते, व बहुमताने उत्तर नोंदवले जाते. साठ टक्के उत्तरे बरोबर आली की उमेदवार उत्तीर्ण होतो. शालेय शिक्षणात साठ टक्क्यांवर तोंड पाडणाऱ्या घरात या साठ टक्क्यांचे पेढे वाटले जातात, आणि उरलेल्या चाळीस टक्क्यांत कोणती चिन्हे होती हे पुढे रस्त्यावर उलगडत जाते.

आता चिरंजीवांच्या मागे बसलेल्या मित्रांकडे वळावे लागेल. कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे दुचाकीवर चालकामागे एकच व्यक्ती बसू शकते. भिवंडीत ‘ट्रिपल सीट’ ही मैत्रीची किमान पातळी समजली जाते. या विषयावर अमेरिकेतील टेंपल विद्यापीठातील मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ वर्षांवरील अशा तीन वयोगटांतील व्यक्तींना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला होता; पिवळा दिवा लागल्यावरही जितके पुढे जावे तितके गुण मिळत, पण थांबायला उशीर झाला तर गाडी आपटून गुण जात. मंडळी एकेकटी खेळली तेव्हा तिन्ही गटांत फारसा फरक पडला नाही. तिघातिघांच्या टोळ्यांत बसवल्यावर मात्र कुमारवयीनांनी पत्करलेला धोका लक्षणीय वाढला आणि प्रौढांचा जवळजवळ होता तेवढाच राहिला. म्हणजे जे तीन मित्र एका सीटवर बसतात, त्यांच्या शहाणपणाची बेरीज न होता भागाकार होतो, हे शास्त्राने मान्य केले आहे. धामणकर नाक्यावर हा प्रयोग रोज सायंकाळी विनाअनुदान चालू असतो. फक्त तिथले गुण पडद्यावरचे नसतात. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती, आणि हेल्मेट न घातलेल्यांची संख्या ५०,०२९ होती, असे केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो.

भिवंडीच्या चिरंजीवांना जे शिकायला हवे ते कोणत्याही तक्त्यावर ठळकपणे छापलेले नाही, आणि ते म्हणजे कंटेनर वळतो कसा. लांब वाहन डावीकडे वळताना त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गावरून न जाता आतल्या बाजूने, म्हणजे कोपरा कापत जातात. वाहन जितके लांब तितका हा फरक मोठा. हे ठाऊक असल्यामुळे कसलेला चालक डावीकडे वळण्यापूर्वी गाडी आधी थोडी उजवीकडे घेतो, त्यामुळे त्याच्या डाव्या अंगाला स्कूटर सहज मावेल अशी ऐसपैस जागा तयार होते. चिरंजीवांना ती जागा आपल्यासाठी सोडलेली वाटते आणि ते तिच्यात ‘कट मारतात’. वस्तुतः ती जागा मागच्या चाकांनी आधीच राखून ठेवलेली असते. दुसरा धडा आंधळ्या कोनाचा. चालकाच्या उंच केबिनमधून व आरशांतून जो भाग दिसत नाही त्याला आंधळा कोन म्हणतात, आणि ट्रकच्या बाबतीत तो केबिनच्या अगदी पुढे, अगदी मागे आणि विशेषतः डाव्या दाराला लागून असतो. तिसरा धडा अंतराचा आहे: ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी स्कूटर एका सेकंदात सुमारे ११ मीटर कापते, म्हणजे ‘अरे!’ असे म्हणून होईपर्यंत जवळजवळ एका चाळीस फुटी कंटेनरची लांबी संपलेली असते आणि ब्रेकवर बोटे पोचायची अद्याप बाकी असतात.

हे तिन्ही धडे भिवंडीतील एका वर्गाला मात्र तोंडपाठ असतात आणि त्या वर्गाची शैक्षणिक पात्रता विचारण्याची कोणाला गरज वाटत नाही. तो वर्ग ट्रकवरील क्लीनरचा. क्लीनर म्हणजे चालकाचा मदतनीस. तो कामाला लागतो तेव्हा त्याला प्रथम काच पुसणे, टायर सळईने ठोकून हवा ओळखणे, ताडपत्री ओढणे आणि दोरखंड आवळणे एवढेच दिले जाते. मग तो डाव्या खिडकीतला डोळा होतो आणि उस्तादाला, म्हणजे चालकाला, जे दिसत नाही ते पाहून दारावर थाप मारून सांगतो. त्यानंतर गोदामाच्या आवारात ‘आन दे, आन दे, बस्स!’ असे ओरडत गाडी मागे लावून घेणे येते, पुढे कधीतरी रिकामी गाडी आवारातच चार हात हलवायला मिळते आणि फार उशिरा, उस्ताद शेजारी जागा असताना, मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हाती येते. कायदाही त्याला घाई करू देत नाही, कारण व्यावसायिक वाहनाच्या शिकाऊ परवान्यासाठी आधी हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर बाळगलेला असावा लागतो. ही गुरुपरंपरा निर्दोष आहे असे कोणी म्हणणार नाही, कारण उस्तादाकडून विद्येबरोबर तंबाखू, उलट्या दिशेने गाडी घालण्याचे धैर्य आणि डुलकीचे तंत्रही मिळते, आणि परवान्याआधीच स्टिअरिंग हाती आले तर तो गुन्हाच ठरतो. तरीही तिच्यात एक गोष्ट आहे जी चिरंजीवांच्या शिक्षणात नाही: अधिकार टप्प्याटप्प्याने मिळतो आणि प्रत्येक टप्प्यावर शेजारी कोणीतरी जाणता बसलेला असतो.

न्यूझीलंडने १९८७ साली नेमकी हीच पद्धत कायद्यात आणली. तिला श्रेणीबद्ध परवाना म्हणतात. तिच्यात प्रथम जाणत्याच्या सोबतीने शिकणे, मग काही काळ रात्री उशिरा एकट्याने गाडी न चालवण्याच्या व प्रवासी न नेण्याच्या अटींवर मर्यादित परवाना, आणि शेवटी पूर्ण परवाना असे तीन टप्पे असतात. जर्मनीत १७ व्या वर्षी मोटारीचा परवाना मिळू शकतो, पण अठरा पूर्ण होईपर्यंत शेजारी किमान ३० वर्षांची, आधी नाव नोंदवलेली व्यक्ती बसलेली असावी लागते. नुसत्या तासांनी आणि तक्त्यांनी काय साधते याचीही परीक्षा झालेली आहे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील डिकॅल्ब परगण्यात १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे सोळा हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या मोठ्या प्रयोगात उत्तम वाहनशिक्षण देऊनही अपघात कमी होण्याचा परिणाम फार काळ टिकला नाही, उलट शिकलेली मुले लवकर परवाना काढून लवकर रस्त्यावर आली. नॉर्वेत निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे खास धडे दिले गेले, तेव्हा तरुण पुरुषांचे अपघात वाढल्याचे आढळले, कारण सावरायला शिकलेला माणूस घसरायला घाबरत नाही. मामाचा ‘घाबरायचं नाही’ हा सिद्धान्त युरोपातही तपासून झाला आहे, असा याचा अर्थ. शिक्षण निरुपयोगी आहे असे यातून निघत नाही. हाताचे शिक्षण सोपे असून धीराचे शिक्षण अवघड आहे, आणि ते वेळ व सोबत यांखेरीज होत नाही, एवढेच निघते.

ही सोबत देण्याचे काम ज्यांचे, त्या पालकांकडे कायद्याने २०१९ च्या दुरुस्तीत थेट बोट दाखवले. कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीनाने वाहनाचा गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. आपल्याला ठाऊक नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर असते. चावी खिळ्याला होती, हा बचाव तिथे कितपत टिकेल याची शंका आहे. कैदेची तरतूद घरात फारशी मनावर घेतली जात नाही, पण पंचविसाव्या वर्षाचा मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे, कारण त्या सुमारास स्थळे पाहायला सुरुवात होते आणि ‘मुलगा पदवीधर, स्वतःचा गाळा, मेव्हण्याच्या मागे बसून येतो’ हा परिचय वधूपक्षाला सांगणे कठीण जाते. तूर्त बहुतेक वडिलांना चिरंजीवांच्या भ्रमंतीची माहिती ई-चलानच्या संदेशातूनच मिळते. मुलगा क्लासला बसल्याच्या वेळी आपली स्कूटर ठाण्यात सिग्नल तोडत होती, हे शासन त्यांना वेळ आणि छायाचित्रासह कळवते.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या पोर्श मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, आणि बाल न्याय मंडळाने जामिनाच्या अटींमध्ये रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्यास सांगितले, तेव्हा सारा महाराष्ट्र संतापला. पुढे तो आदेश बदलला गेला. संतापाचे कारण स्पष्ट होते: ‘रस्ता बोलू लागला तर’ या विषयावर निबंध लिहून गुण मिळवण्याचा सराव मराठी मुलांना चौथीपासून असतो, आणि त्या निबंधातला रस्ता नेहमी एकच उपदेश करून शेवटच्या ओळीत गप्प होतो. शिक्षा म्हणून तो निबंध हास्यास्पदच होता. मात्र ज्या घरांत त्या आदेशावर सर्वाधिक तावातावाने चर्चा झाली, त्यांतील कित्येक घरांत चर्चा ऐन रंगात असताना चहाला दूध आणायला खिळ्यावरची चावी घेऊन कोण गेले होते, याचाही निबंध कोणीतरी लिहायला हवा.

यावर भिवंडीपुरता एक उपाय सुचवता येतो आणि त्याला फारशी तरतूद लागत नाही. लंडनच्या पोलिसांनी सायकलस्वारांसाठी असा उपक्रम राबवला आहे की, त्यांना उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये चालकाच्या जागी बसवून आरशांतून आपल्या सायकली शोधायला लावायचे. दहावीचा निकाल लागल्यावर, चावी देण्याच्या कितीतरी आधी, पालकांनी चिरंजीवांना व कन्यांना एखाद्या कंटेनरच्या चालकाच्या परवानगीने त्याच्या जागी बसवावे, त्यांची लाडकी स्कूटर डाव्या दाराला चिकटून उभी करावी आणि ती शोधून दाखवण्यास सांगावे. ती दिसणार नाही. चालकाने मग आपल्या भाषेत, जी मराठी, हिंदी, भोजपुरी यांपैकी कोणतीही असू शकेल व जिच्यातील काही विशेषणे गाळून ऐकावी लागतील, मागची चाके कोपरा कसा कापतात ते सांगावे, आणि पुढे अठरा पूर्ण होऊन शिकाऊ परवाना हाती आल्यावर, पक्का परवाना मिळेपर्यंत वडिलांनी स्कूटरवर स्वतः मागे बसून जावे. त्यामुळे मित्रांसाठी जागा आपोआप उरणार नाही आणि चिरंजीवांची प्रतिष्ठा जेवढी कमी होईल तेवढी सुरक्षितता वाढेल. या पाठाला इमारत, फळा, बाके वा अनुदान लागत नाही. लागतो तो एक तास न हलणारा ट्रक, आणि भिवंडीत पाण्याची, पार्किंगची, पदपथाची किंवा शांततेची टंचाई कोणी सिद्ध करू शकेल, परंतु जागेवर उभ्या असलेल्या ट्रकची टंचाई अद्याप कोणी सिद्ध केलेली नाही.